आलेक्रींचा वास

बाबलकाका स्वतः पाव तोडायचे नाहीत. दुसऱ्याला तोडायला लावायचे, आणि तो माणूस पावाचा तुकडा मोल्याच्या रसात बुडवून तोंडात घालेपर्यंत त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहायचे. मग विचारायचे, "कसो वास येता?"

चव कशी झाली, असं त्यांनी कधी विचारलेलं मला आठवत नाही. नेहमी वास.

डिचोलीला एका खाण कंपनीच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. घर सर्वणला, सकाळची बस पकडून यायचं, संध्याकाळच्या बसने परत. ऑफिसच्या मागच्या टेकाडावर कंपनीचं गेस्ट हाऊस होतं. खनिज बघायला, बोटींचं ठरवायला येणारे पाहुणे तिथे उतरत. कोणत्या दिवशी किती पाहुणे जेवायला, याची यादी टाइप करायची आणि वर स्वयंपाकघरात नेऊन द्यायची, हे माझ्याकडे आलेलं काम. बाबलकाका तिथले स्वयंपाकी. पेडण्याकडच्या हळर्णचे, पंचावन्नच्या आसपासचे, उंच, काटकुळे. डाव्या भुवईवर एक जुना व्रण होता. कुणी विचारलं तर "ट्रकावयल्यान पडलों", ट्रकवरून पडलो, एवढंच सांगायचे आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागायचे. दिवसातून वीस वेळा तरी ते असे हात धूत असतील.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी यादी घेऊन गेले तेव्हा ते एका पातेल्यात काहीतरी गाळत होते.

"बस गो बाय. पाव तोड."

आमच्या घरी मटण म्हणजे नारळ आणि मसाला भाजून वाटलेलं, लालभडक. समोरच्या वाटीत होता तो नुसता तपकिरी, चकचकीत रस. ना मिरची, ना खोबरं. आजाऱ्याला देतात तसलं काहीतरी असेल, असं समजून मी तुकडा बुडवला. तोंडात घातल्यावर क्षणभर काही कळलं नाही. मग एकदम कापरासारखं काहीतरी नाकात चढलं, आणि त्याच्यामागून रानात उन्हाने वाळलेल्या पानांचा वास आला, आणि सगळ्यांत खाली भाजलेल्या मटणाचा गोडसरपणा होता. मी बसल्या जागेवरून उठले. खाण्याने माणूस असा दचकू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"काका, हें कितें?"

"मोल्य. आसादावर ओततात तो."

आसाद म्हणजे भट्टीत सबंध भाजलेलं मांस, आणि मोल्य म्हणजे त्याच्या जोडीचा रस. दोन्ही शब्द पोर्तुगीजांचे. त्या वासाचं झाड त्यांनी मला मागच्या दारी नेऊन दाखवलं. रॉकेलच्या डब्यात लावलेलं, कमरेएवढं, सुईसारख्या बारीक पानांचं झुडूप. त्याला ते आलेक्रीं म्हणत. पुढे मुंबईच्या एका पाहुण्याने त्याचं नाव रोझमेरी आहे असं मला सांगितलं, पण माझ्या तोंडात ते कधी बसलं नाही. आपल्याकडच्या पावसात हे झाड कुजून मरतं. म्हणून डब्याला खालून भोकं पाडलेली, आत मातीपेक्षा वाळू आणि बारीक खडी जास्त, आणि जूनपासून चार महिने डबा ओसरीच्या छपराखाली. पावसाची झड आली की हातातलं काम टाकून बाबलकाका आधी डबा भिंतीशी सरकवून यायचे.

मोल्य करताना त्यांच्याशी बोललेलं त्यांना खपत नसे. मटणाची सबंध मांडी भट्टीतून काढली की ती झाकून बाजूला ठेवायची. ट्रेमध्ये उतरलेली चरबी ओतून द्यायची, दोन चमचे मागे ठेवायची. तिच्यात मैदा घालून तो काजूच्या सालीच्या रंगाचा होईस्तोवर परतायचा. मग हाडांचं उकळून ठेवलेलं पाणी थोडं थोडं घालत, ट्रेच्या बुडाला चिकटलेलं सगळं लाकडी उलथन्याने खरवडून घ्यायचं. माडाच्या विनेगरचे चार थेंब. चमचा बुडवून उलटा धरायचा, त्याच्या पाठीवर रस थांबला आणि बोटाने ओढलेली रेघ मिटली नाही की आग बंद. आलेक्रींची डहाळी शेवटी, आग बंद झाल्यावर. झाकण घालून ते उभे राहायचे आणि ओठातल्या ओठात मोजायचे, उं, दोयश, त्रेश... पोर्तुगीजमध्ये, दोनशेपर्यंत. मग डहाळी काढून टाकायची.

"चड वेळ दवरली जाल्यार मोल्य कडू जाता," ते म्हणायचे. "आनी बेगीन काडली जाल्यार नुसतो कापूर."

हे त्यांना शिकवलं पेडण्याच्या एका पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या बायकोने. बाबलकाका तिला नुसतं 'दोना' म्हणत. विशी ओलांडल्यावर ते त्या बंगल्यावर बागेच्या कामाला लागले होते, तिथून स्वयंपाकघरात गेले. दोना फार तापट होती. रस बिघडला तर सबंध भांडं त्यांच्या देखत मोरीत ओतायची. पण शिकवताना त्यांचं डोकं धरून वाफेवर वाकवायची आणि म्हणायची, नाक घाल, आणि काय येतं ते सांग. पोर्तुगीज जायच्या आधी वर्षभर ते लोक गेले. जाताना तिने आपल्या झाडाची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांना दिली. ते सांगताना बाबलकाका बाईचं कौतुक करत नसत, तिच्यावर रागही धरत नसत. एवढंच म्हणायचे, "तिचें नाक बरें आसलें."

गेस्ट हाऊसच्या जेवणघरात ते कधी पाऊल टाकत नसत. मी असताना एकदाच टाकलं. बाहेरून आलेल्या एका इंजिनियराने वाढलेल्या आसादावर टोमॅटो सॉसची बाटली उपडी केली. वाढप्याने आत येऊन ते हसत सांगितलं. बाबलकाकांनी हात धुतले, पुसले, बाहेर गेले, त्या माणसासमोरची मोल्याची वाटी उचलली आणि परत आत आले. इंजिनियर तोंड उघडं टाकून बघत राहिला. आम्हाला वाटलं आता यांची नोकरी जाणार. पण मॅनेजर साहेबांचा त्यांच्यावर जीव होता, ते प्रकरण तिथेच मिटलं.

मग भाषेच्या आंदोलनाचे दिवस आले. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून घराघरात दोन तट पडले. आमच्या ऑफिसातले दोन कारकून रोज एका डब्यात जेवायचे, ते एकमेकांकडे पाठ करून बसायला लागले. रस्त्यांवर झाडं तोडून आडवी टाकलेली, दगड रचलेले. गेस्ट हाऊसमध्ये तीन पाहुणे अडकून पडले होते आणि वरचं सामान संपत आलं होतं. बाबलकाका ड्रायव्हरबरोबर जीपने म्हापशाला जायला निघाले. आम्ही सगळ्यांनी नको म्हटलं.

ते परत आले ते दुपारी. जीपची पुढची काच फुटलेली, काकांच्या शर्टाची बाही खांद्यापासून फाटून लोंबत होती, आणि छातीशी मटणाची पिशवी. काय झालं ते ड्रायव्हरने सांगितलं. वाटेत एका ठिकाणी जमावाने जीप अडवून एका भाषेची घोषणा द्यायला लावली. पुढे दोन मैलांवर दुसऱ्या जमावाने दुसऱ्या भाषेची. बाबलकाकांनी दोन्हीकडे दिली.

"पण काका, मनातली खंयची?" ड्रायव्हरने सगळ्यांसमोर विचारलं. त्याचा आवाज चढलेला होता. तेव्हा या प्रश्नाच्या उत्तरावर माणसांची तोंडं फिरत होती.

"दोनय," बाबलकाका म्हणाले. "आवयकडे उलयतालों ती एक. तिका पत्र बरयतालों ती दुसरी. तातूंतली खंयची फट?"

आईशी बोलायची ती कोंकणी, तिला पत्र लिहायची ती मराठी, यातली खोटी कुठली, असं ते विचारत होते. त्यांनी हात धुतले आणि भट्टी पेटवली. त्या दिवशी मात्र त्यांच्या मैद्यात गाठी झाल्या. त्यांनी तो मोरीत ओतला आणि पुन्हा पहिल्यापासून परतायला घेतलं.

पुढे गोवा घटक राज्य झालं, गावोगावी फटाके वाजले, तो पावसाळा गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात कंपनीचे मोठे लोक आणि परदेशी खरेदीदार मिळून बारा जणांचं दुपारचं जेवण ठरलं. आसाद आणि मोल्य हवाच, असा वरून निरोप होता.

सकाळी दहाच्या सुमारास मी यादी घेऊन टेकाड चढले. पायऱ्यांवरच नाकाला उग्र वास लागला. दारात पोचेपर्यंत डोकं गरगरायला लागलं. गॅस. सबंध स्वयंपाकघर गॅसने भरलेलं, खिडक्या बंद, कारण वाऱ्याने मैदा उडतो. आणि मध्यभागी बाबलकाका निवांत उभे. एका हातात काड्यापेटी, दुसऱ्या हातात काडी.

मी किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही. ते माझ्याकडे वळले, पण काडी पेटीवर टेकवलेलीच होती. मी धावत जाऊन त्यांच्या हातावर फटका मारला. बापाच्या वयाच्या माणसाला मी मारलं. काड्या जमिनीवर विखुरल्या. सिलिंडरचा खटका फिरवला, खिडक्या उघडल्या, त्यांचं मनगट धरून ओढत मागच्या दारी आणलं. नळी उंदराने कुरतडली होती, हे नंतर दिसलं.

"पिसें लागलें गो तुका?" ते म्हणाले.

"गॅस, काका! इतलो वास! तुमकां वास येना?"

त्यांचा चेहरा माझ्या देखत उतरत गेला. ते खाली पायरीवर बसले. मीही शेजारी बसले.

"आठ वर्सां जालीं," ते म्हणाले. "ट्रकावयल्यान पडलों तेन्नाच्यान. कपलाक मार बसलो. हॉस्पिटलांतल्यान घरा आयलों, बायलेन बांगड्याची कडी वाडली. माका दिसलें, हिणें नुसतें ऊन उदक वाडलां."

"म्हणजे रुचय कळना?"

"मीठ कळटा. आंबट कळटा. कडू कळटा. बाकीचो सगळो भुसो."

आठ वर्षं. आम्ही सगळे, साहेब, पाहुणे, ज्या वाफेवर जीव टाकत होतो ती त्यांच्यापर्यंत एकदाही पोचली नव्हती. पाव तोडायला लावून आमच्या तोंडाकडे बघत विचारायचे, कसो वास येता. आम्हाला वाटायचं म्हातारा कौतुक करून घेतो. ते खरोखरच विचारत होते.

"कोणाक खबर आसा?"

"बायलेक. आनी आतां तुका." मग ते माझ्याकडे वळले. "बाय, आयचो दीस कोणाक सांगूं नाका. बारा जाणांचें जेवण आसा. तें जावं दी."

आजच्या दिवसापुरतं, म्हणून मी हो म्हटलं.

नवी नळी बसवली, मी दोनदा वाकून वास घेतला, तेव्हाच काडी ओढू दिली. साहेबांना काहीतरी कारण सांगून मी वरच थांबले. मांडी भट्टीतून निघाली, मैदा परतला गेला, रस दाटला. आग बंद करून त्यांनी डहाळी टाकली आणि या वेळी झाकण घातलं नाही. मला जवळ बोलावलं.

"नाक घाल. कितें येता तें सांग."

"कापूर."

"अजून जावंक ना." ते मोजत होते. "आतां?"

"कापूरच. पण उणो."

"मागीर?"

मी डोळे मिटले. मला घाम फुटला होता. "पानां... वाळिल्लीं पानां. रानांत असतात तशीं."

"गरम कातळार पडिल्लीं?"

"हय काका. गरम कातळार पडिल्लीं."

"आतां काडूंया," ते म्हणाले, आणि चिमट्याने डहाळी उचलली. तेव्हा त्यांच्या तोंडावर जे काही होतं ते मी नीट बघू शकले नाही. तीस वर्षांपूर्वी घेतलेला वास त्यांच्याकडे जसाच्या तसा होता, आणि तो जुळतो का हे ते माझ्या नाकाने बघत होते.

जेवण असं झालं की पाहुण्यांनी ट्रेसुद्धा पावाने पुसून काढला. अडीच वाजता मी खाली ऑफिसात आले. मॅनेजर साहेब खुशीत होते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून एक पत्र टाइप करायला सांगितलं. खाणीवरच्या कामगारांसाठी नवं कॅन्टीन होणार होतं, दोनशे माणसांचं. त्याचंही स्वयंपाकघर बाबलच्या ताब्यात द्यायचं, त्याला बढती द्यायची. साहेब मजकूर सांगत होते, मी लिहून घेत होते.

"चार मोठ्या शेगड्या, चार सिलिंडर," साहेब म्हणाले.

माझी पेन्सिल थांबली. डोळ्यांसमोर काडी आणि पेटी आली. आणि मी सांगून टाकलं. सकाळचा गॅस, काडी, आठ वर्षं, सगळं. सकाळी दिलेल्या शब्दाला पाच तासही झाले नव्हते.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "आठ वर्षं?" ते परत परत म्हणत राहिले. "आठ वर्षं आम्ही पाहुण्यांना वरती झोपवत होतो?"

साडेचारच्या सुमारास बाबलकाका केबिनच्या दारात दिसले. साहेबांनी बोलावणं धाडलं असणार, असं मी धरून चालले. टाइपरायटरवरून मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. दहा मिनिटांनी ते बाहेर आले, माझ्या टेबलासमोरून गेले, थांबले नाहीत.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बागेचं काम देऊ केलं, स्टोअरवर बसा म्हणाले. काकांनी आठवडाभराने आपली ट्रंक उचलली आणि हळर्णला गेले. नवा स्वयंपाकी आला. तोही आसाद करायचा, रस मात्र कॉर्नफ्लॉवरने दाट करायचा आणि आलेक्रींच्या ऐवजी तमालपत्र टाकायचा. मला वाटलं होतं पाहुणे ताटं परत पाठवतील. एकानेही तक्रार केली नाही. साहेबसुद्धा मिटक्या मारत जेवले. मला तोही धक्काच होता. डब्यातलं झाड पुढच्या पावसाळ्यात कोणी आत सरकवलं नाही, ते जुलैअखेर काळं पडलं.

मी स्वतःला समजावत राहिले. दोनशे माणसांचा प्रश्न होता. मी सांगितलं नसतं आणि काही झालं असतं तर? हा प्रश्न खरा होता आणि आजही खरा आहे.

पुढे माझं लग्न झालं, नार्व्याला सासर. तीनेक वर्षांनी एकदा दुपारी सासूबाईंना आणायला फेरीबोटीच्या धक्क्यावर गेले होते. पलीकडे दिवाड बेट आहे, तिथून त्या येणार होत्या. फेरीची वाट बघणाऱ्या माणसांत एक उंच म्हातारा उभा होता. मी ओळखेपर्यंत त्यांनीच मला ओळखलं.

"गो बाय! हांगा खंय?"

त्यांची मुलगी दिवाडला दिली होती, तिच्याकडे निघाले होते. पिशवीत शेतातल्या मिरच्या होत्या. बोलणं अगदी साधं चाललं. माझ्या मुलाचं नाव विचारलं, सासरची माणसं कशी आहेत ते विचारलं. मला राहवलं नाही.

"काका, तुमी माझेर रागार आसात?"

"कित्याक? सांगलेंस तें बरें केलेंस. कोणूय मेल्लो आसतलो."

मी सुटकेचा श्वास सोडला. फेरी धक्क्याला लागली, लोखंडी फळी खाली आदळली, माणसं आणि स्कूटरी उतरायला लागल्या. बाबलकाका पिशवी उचलून म्हणाले, "पूण त्या दिसा हांव सायबाक सांगूंकच आयिल्लों."

"कितें?"

"जेवण जालें. मागीर न्हालों. धुतलेलो सदरो घातलो. दोनशें खेपे मनांत घोळयलें, सायबाक कशें सांगूं, कशें सांगूं. आठ वर्सां सांगूंक जमलें ना, त्या दिसा जमतलें अशें दिसलें, कित्याक तर तुका सांगून जाल्लें. दार धुकललें आनी तोंड उगडचे पयलीं सायब म्हणटा, 'माका कळ्ळां, बाबल.'"

त्यांनी हे रागाने सांगितलं नाही. सहज सांगितलं, जशी एखाद्याला बस चुकल्याची गोष्ट सांगतात.

"सायबान बोलावंक ना तुमकां?" मी विचारलं.

"ना गो. कोणें बोलावंक ना. हांवूच आयलों." ते फळीवर चढले. "फटिंगपणान आठ वर्सां रांदलें अशेंच सायब मानता आजून. तितलें एक माका म्हज्या तोंडान सांगपाचें आसलें."

फेरीबोटीवरच्या माणसाने साखळी ओढली. बाबलकाका स्कूटरींच्या मधून वाट काढत पुढे गेले. एका कोळणीच्या डोक्यावरची पाटी उतरवायला त्यांनी हात दिला, तिच्याशी काहीतरी बोलले, ती हसली. सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि कोण ते विचारत होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा फळी वर उचलली गेली होती, आणि मध्ये हातभर पाणी दिसायला लागलं होतं.